गावाबाहेरचे मोठेबाबा

आमचे मोठेबाबा प्रवासाला निघाले की सारं जग सोबत घेत आणि मीठ अन् आगपेटी तेवढी घरी विसरत. एखाद्या खेपेला नाही, हर खेपेला. ताडपत्री घेतली का? घेतली. बांबू? घेतले. जर्मनचे गंज म्हणजे पातेली, तवा, उलथणं, पाण्याची गुंडी, कोंबडी, कोंबडीचा दाणा, मासे धरायचं जाळं, ते फाटलं तर शिवायला दोरा, आणि भर उन्हाळ्यात छत्री. सगळं जीपच्या टपावर चढायचं. टप इतका उंच व्हायचा की मूल गावाच्या रस्त्यावरची वानरं या बाजूच्या झाडावरून त्या बाजूच्या झाडावर आमच्या सामानावरूनच जात. एक वानर तर सिंदेवाहीपर्यंत बसून आलं आणि पैसे न देता उतरलं. आणि एवढं सगळं तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उतरवून, तीन दगडांची चूल मांडून झाली की मोठेबाबा बंडीचे खिसे चाचपत आणि दर वेळी नव्यानं चकित होत, "अरे! आगपेटी राह्यली ना घरी!"

मोठी आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बिडीचा कट्टा कधी राह्यत नाई घरी. आगपेटीच कशी राह्यते?"

"बिडी हलकी असते," मोठेबाबा म्हणत.  मोठी आई पदर खोचून गावात आग मागायला निघायची, आणि मोठेबाबा पाळीवर बसून, ती कोणत्या घरी जाते आणि किती वेळ उभी राहते, हे डोळे बारीक करून पाहत राहायचे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. आम्ही तळ्यात जाळं टाकणारी आणि उरलेल्या दिवसांत धानाच्या बांधीत वाकणारी माणसं. सिंदेवाहीच्या बाजूला आमचं गाव. मोठेबाबा अंगानं चिपाड, पण आवाज असा की तळ्याच्या या काठावर खोकले तर त्या काठावरची मरळ चिखलात दडे. मी तेव्हा, म्हणजे नव्वदच्या त्या सालांत, मूल ते चंद्रपूर काळी-पिवळी जीप चालवत होतो. सवाऱ्या कमी असल्या की मालक जीप घरच्या कामाला द्यायचा. घरी मला नाव होतं, पण जीपमध्ये बसलं की मोठेबाबांच्या लेखी मी फक्त "डायवर". "डायवर, त्या पाळीवर घे," एवढंच सांगायचे, आणि ती पाळ हमखास पाहुण्याच्या गावाबाहेरची असायची.

हेच तर कोडं होतं. जायचं सोयऱ्याच्या गावी आणि राहायचं गावाबाहेर. चामोर्शीकडे आमची आत्या दिलेली. खातंपितं घर, ऐसपैस अंगण. पण मोठेबाबांचा मुक्काम तळ्याच्या पाळीवर, ताडपत्रीखाली. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आत्या तावातावानं पाळीवर आली. "काऊन गा भाऊ? मायं घर पडलं का? का मी मेली?"

"घर मस्त हाय बाई," मोठेबाबा शांतपणे म्हणाले. "इथून त लयच चांगलं दिसते."

आत्या रडली, भांडली, आणि शेवटी हट्टाला हट्ट म्हणून स्वयंपाकाची भांडी घेऊन पाळीवर आली. मग तिचा नवरा आला, कारण जेवण तिकडे होतं. मग सासू आली, कारण सून तिकडे होती. मग गायही दावं तोडून आली. संध्याकाळपर्यंत आत्याच्या घरात फक्त मांजर उरली, आणि तीसुद्धा मासळीच्या वासानं अर्ध्या वाटेत भेटली. अशी पाहुणचाराची उलटी तऱ्हा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

घुग्घुसला माझा एक मामा खाणीत कामाला होता. तिथे तळं कुठलं? पण मोठेबाबांनी वसाहतीबाहेरच्या मोकळ्या मैदानात ताडपत्री ठोकलीच. शेजारून कोळशाचे ट्रक जात होते. सकाळी उठलो तर सगळे एकाच रंगाचे. कोण कोण आहे ते कळेना. मोठ्या आईनं पहिला चहा मोठेबाबा समजून भलत्याच माणसाला दिला. तो खाणीतली पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी चालला होता, गाडी पंक्चर झाली म्हणून थांबलेला. त्यानं चहा घेतला, "साखर कमी हाय बाई," म्हणाला आणि गेला. मोठेबाबा मात्र खूश. "पाह्यलं? ओळख ना पाळख, पन खरं बोलला. हे गाव चांगलं हाय."

चांगलं कशावरून ते मला कळेना. चहाला साखर कमी म्हटल्यानं गाव चांगलं कसं ठरतं? मला तेव्हापासून या माणसाचं फार कुतूहल वाटायला लागलं. घरच्यांचे आपापले तर्क होते. माझे वडील म्हणत, त्याला कोणा महाराजांनी दुसऱ्याच्या छपराखाली झोपायची बंदी घातली असेल. मोठी आई म्हणे, घोरण्याची लाज. ते काही खोटं नव्हतं. त्यांच्या घोरण्यानं ताडपत्री फुगायची आणि बसायची, एकदा तर खुंटा उपटून निघाला. पण लाज वाटणारा माणूस हर गावात मीठ आणि आग मागायला बायको पाठवतो होय?

उलगडा झाला तो धानोऱ्याकडच्या एका मुक्कामावर. मोठी आई गावात गेली होती. मी काटक्या वेचत मोहाच्या झाडामागे गेलो, तर मोठेबाबा उकिडवे बसून बिडी पेटवत होते. हातात आगपेटी. चांगली भरलेली.

"मोठेबाबा!"

"चूप राय बे. बूड टेकव इथी."

मी बूड टेकवलं. "मंग काऊन पाठवता मोठ्या आईले घरोघर?"

"गाव पाहाले."

"गाव त सोयऱ्याच्या घरी बसूनई दिसते."

"घंटा दिसते," मोठेबाबा म्हणाले. "घरात गेला का तू पाहुना झाला. पाहुन्याले चांगला गिलास भेटते, पेटीतली चादर भेटते. त्याले गाव नाई दिसत, चादर दिसते. पाळीवर बसला मानूस कोनाचाच नसते. त्याच्यासंगं लोकं जसे वागते ना, तसेच असते ते."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. तरुणपणी ते याच जंगलात तेंदूपत्ता तोडायला आले होते. अवकाळी पाऊस झाला, डेऱ्यातल्या आगपेट्या भिजून लापशी झाल्या. उपाशी बसले होते, तर जवळच्या गोंड वस्तीतली एक म्हातारी खापरीत निखारे घेऊन आली. चूल पेटेपर्यंत फुंकत बसली, पेटली तशी उठून गेली. "एका शब्दानं पुसलं नाई मले, का तू कोन, कोनाचा, कुठचा. मी बी पुसलं नाई. तवापासून मी गाव असंच पाहातो."

म्हणून त्यांचे कायदे होते. पाळीवर आलेल्या माणसाला नाव-गाव विचारायचं नाही आणि आपलं सांगायचं नाही. "आपल्या इकडं नाव सांगतलं का घडीभरात कोनी ना कोनी सोयरा निघते. सोयरा निघाला का परीक्षा खतम." हे खरं होतं. आमच्या भागात दोन अनोळखी माणसं बसच्या एका बाकावर बसली तर पुढच्या थांब्यापर्यंत त्यांच्या आज्या बहिणी निघतात.

त्या दिवसापासून मी त्यांचा साथीदार झालो. मोठ्या आईला काही सांगितलं नाही. आणि खरं सांगतो, मलाही नाद लागला. कुणी मीठ पानात बांधून देई, कुणी मुठीतून मुठीत ओतून अर्धं सांडे. कुणी दारातूनच "नाई" म्हणे आणि मागून पोरीच्या हाती चोरून पाठवे. एका गावात तर पाटलीणबाईनं मिठाचं पोतंच पाठवलं. मला वाटलं, जिंकलं हे गाव. मोठेबाबांनी पोत्याकडे संशयानं पाहिलं. "चिमूटभर मांगतलं आन पोतं देते? हिले काईतरी विकाचं हाय आपल्याले."

पण हा नुसता नाद नव्हता. मोठेबाबांना एकच लेक, मंदा. तिच्यासाठी सोयरीक आली की मोठेबाबा मुलाचं घर बघायला जात नसत. मुलाच्या गावाबाहेर मुक्काम टाकत. मुलाकडच्यांना पत्ता नसे. दोन रोज राहून, परीक्षा घेऊन, ताडपत्री गुंडाळून परत. मग निरोप जायचा, "जमत नाई." का जमत नाही हे त्या बिचाऱ्यांना जन्मात कळलं नाही.

एक गाव तर त्यांनी तासाभरात नापास केलं. चैताचे दिवस, मोहफुलांचा सडा पडलेला, पाळीवर गर्द सावली. आम्ही ताडपत्री ठोकतो न ठोकतो तोच गावातली माणसं काठ्या घेऊन धावत आली. "उठा! इथून उठा! पयले उठा!" का, ते सांगेनात. नुसतं "उठा". मोठेबाबांनी एक शब्द न बोलता सामान बांधलं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "यायच्या घरी मायी पोट्टी? नाव नोको काढू."

अशी किती स्थळं गेली कोण जाणे. मंदा जाळं विणण्यात माझ्यापेक्षा तरबेज, बोलण्यात बापापेक्षा. एकदा सामान चढवताना तिनं सुनावलंच, "बाबा, मले आगपेटीसंगं लगन नाई लावाचं."

"तुले का मालूम आगपेटीचं?" मोठेबाबा दचकले. माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"सारं मालूम हाय. तुमच्या बंडीच्या खिशात खडखड वाजते."

मोठी आई मागून म्हणाली, "पोट्टीचे केस पांढरे झाले का मंग सांगजा, कोनतं गाव मिठाले चांगलं हाय ते." म्हणजे तिलाही माहीत होतं. बहुतेक सगळ्या विदर्भाला माहीत होतं.

मग नागभीडकडचं स्थळ आलं. त्या मुलाला मंदानं एका लग्नात पाहिलं होतं. पोरगी काही बोलली नाही, पण त्या खेपेला सामान तिनं स्वतः बांधलं, आणि असं बांधलं की टपावरून एक पळीसुद्धा वाजली नाही. मला समजलं. मी वाटेत मोठेबाबांना म्हटलं, "या खेपेले जरा सांभाळून पाहा." ते म्हणाले, "डायवर, रस्ता पाहा."

तळं मोठं होतं, समुद्र म्हटलं तरी चालेल. मी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे मला म्हणायला अडचण नाही. धान कापून झालं होतं. आम्ही पाळीवर उतरलो आणि मोठ्या आईला गावात जायची वेळच आली नाही. एक बुढी काठी टेकत, खापरीत निखारे घेऊन स्वतःच आली. पाठोपाठ एक बाई वांगी घेऊन, दुसरी लाखोळीची डाळ घेऊन. मीठ तर न मागता आलं. बायका मोठ्या आईजवळ बसल्या, मंदाची वेणी घातली, एकीनं तर मासळी साफ करायला घेतली. "झोप येते का इथी? डास लय हाय, धूर करा," असं सांगून बुढीनं कडुलिंबाचा पाला टाकला. मोठेबाबांच्या डोळ्यांत पाणी. धुरामुळे असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. नाव-गाव कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

"डायवर," मोठेबाबा म्हणाले, "झाली सोयरीक."

लग्न आमच्याकडे लागलं. वरातीत ती बुढी नव्हती, पण एवढ्या म्हाताऱ्या बाईनं कशाला यावं? दिवाळीला मंदाला भेटायला गेलो तेव्हा मोठेबाबांनी बुढीसाठी एक हिरवं लुगडं घेतलं. मंदाच्या घराच्या दारात पोचल्या पोचल्या, पाणीही न घेता, त्यांनी मंदाच्या सासूला विचारलं, "इहीनबाई, तुमच्या गावची ते बुढी कुठी राह्यते? काठीवाली. खापरीत निखारे घेऊन आली होती."

मंदाची सासू मोजकं बोलणारी. तोंडातला प्रत्येक शब्द जणू उसना आणलेला. ती म्हणाली, "तशी बुढी आमच्या गावात नाई."

"असं कसं? वांग्यावाली बाई? डाळवाली?"

"ते त्या गावच्या असन." आणि तिनं तळ्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

तेव्हा आम्हाला समजलं की त्या समुद्राला दोन गावं लागून होती. पाळ एकच, लांबच लांब. या टोकाला मंदाचं सासर, त्या टोकाला दुसरं गाव. आम्ही उतरलो होतो ते या गावच्या हद्दीत, आणि आमच्याकडे आली होती ती त्या गावची माणसं. नाव-गाव विचारायचं नाही हा कायदा आमचाच.

मोठेबाबांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "आन तुमच्या गावचे? तुमाले दिसलो नाई का आमी?"

"धूर दिसला होता," सासू म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? पाह्यला."

लुगडं मी पलीकडच्या गावी नेऊन दिलं. बुढीनं ते घडी न मोडता डोक्याला लावलं आणि मला पोटभर शिव्या दिल्या, की एवढ्या उशिरा काऊन आला. मोठेबाबा जीपमधून उतरले नाहीत. येताना ते बिडी न पेटवता नुसती चावत बसले. जीपचं इंजिनसुद्धा दबकून चालत होतं. घर जवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "सारे गावं पाह्यले बे म्या. आन आपली पोट्टी न पाह्यल्या गावात देल्ली."

त्यानंतर मोठेबाबांचे सगळे प्रवास एकाच जागी जायला लागले. सण असो नसो, दर दोन-तीन महिन्यांनी त्याच पाळीवर, मंदाच्या गावच्या टोकाला मुक्काम. मंदाच्या घराच्या चुलीचा धूर केव्हा निघतो, ती पाण्याला आली की पाय ओढते की झपझप चालते, सासू मागून हाक मारते ती कोणत्या सुरात, हे सगळं ते पाळीवरून वाचत. मंदा डबा घेऊन येई आणि चिडे. "बाबा, लोकं मले पुसते, तुवा बाप तळं राखाले बसला का म्हनून."

"सुखी हायेस ना?"

"किती खेपा सांगू? हावो."

ती गेली की मोठेबाबा मला म्हणत, "सुखी मानूस एवढ्या जोरानं सांगते का?" जोरानं नाही सांगितलं तर म्हणत, "आवाज पडला पोट्टीचा." त्या काळात ते वाळून काठीसारखे झाले. उभे राहिले तर ताडपत्रीच्या बांबूत आणि त्यांच्यात फरक राहिला नव्हता.

अशी काही वर्षं गेली. मंदाला दोन लेकरं झाली. एका माघात आम्ही असेच पाळीवर होतो आणि दुपारी मोठेबाबांना हिवताप भरला. अंग असं हलत होतं की शेजारचे गंज वाजत होते. मी जीप सुरू करायला धावलो. ती नेमकी अशा वेळी चालू व्हायची नाही, तिचा स्वभावच तसा. मी हँडल मारतो आहे तोवर गावाकडून माणसं येताना दिसली. खांद्यावर रिकामी बाज. पुढे मंदाची सासू.

मोठेबाबा दात वाजवत म्हणाले, "मी इथीच बरा हावो, इहीनबाई."

"तुमाले कोनी पुसलं?" सासू म्हणाली आणि माणसांना, "उचला."

अशा रीतीनं, आयुष्यात पहिल्यांदा, आमचे मोठेबाबा सोयऱ्याच्या छपराखाली झोपले. मीही राहिलो. गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येणारा. सासूनं मंदाच्या नवऱ्याला सायकलवर पिटाळून भलत्या दिवशी आणवला. तीन माणसं आळीपाळीनं पंखा घेऊन बसत, एकही बोलत नसे. मला तर वाटलं, या गावात बोलण्यावर कर बसवलाय.

ताप उतरला तसे मोठेबाबा भिंतीला टेकून बसायला लागले. एका सकाळी सासू पेज घेऊन आली तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षांचा काटा काढलाच. "इहीनबाई, एक पुसू? पयल्या खेपेले आमी पाळीवर होतो, तवा तुमच्या गावचं कोनीच काऊन नाई आलं?"

सासूनं वाटी खाली ठेवली. एवढं लांब उत्तर द्यायचं म्हणून जरा बसलीसुद्धा.

"बायामानसं होते तुमच्यासंगं. परक्या बाया पाळीवर उतरल्या का आमच्या गावचा गडीमानूस त्या घाटावर जात नाई. त्यायले आंग धुवाचं असते, लेकरायचं असते. ढोरंई नेत नाई तिकडं. तुमी होते तवर आमी ढोरं जंगलातल्या लहान्या बोडीच्या पाण्यावर पाजले. लय दूर हाय ते. मंदाचा नवराच नेत होता."

 मला आठवलं, त्या दोन दिवसांत एवढ्या मोठ्या तळ्यावर पाणी प्यायला एक बैल आला नव्हता. मोठेबाबा तेव्हा म्हणालेही होते, की या गावात ढोरं कमी दिसतात.

"आन ते पलीकडचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते बोलके हायेत," सासू म्हणाली. एखाद्याला फेफरं येतं हे सांगावं तशी. आणि वाटी पुढे सरकवली. "प्या. थंडी झाली."

ती गेल्यावर मोठेबाबांनी पेज एका दमात संपवली. मग एकदम म्हणाले, "डायवर, ते 'उठा' म्हननारं गाव कोनतं बे?"

अंगात ताकद येताच आम्ही तिथे गेलो. या वेळी ताडपत्री नाही. सरळ पहिल्या दाराची कडी वाजवली. दारातल्या म्हाताऱ्यानं आम्हाला ओळखलं आणि कपाळावर हात मारला. "तुमी ते! मोहाखाली बसनारे! भाऊ, अवो, सांज झाली का त्या झाडाखाली ते येते ना फुलं खाले. काळं. केसाळं." मी म्हटलं, अस्वल? म्हाताऱ्यानं माझं तोंड दाबलं. "त्याचं नाव घेत नाई बाप्पा. नाव घेतलं का येते. म्हनून त आमी नुसतं उठा, उठा म्हनून राह्यलो होतो. तुमी त एका शब्दानं बोलले नाई. आमाले वाटलं, मुके हाय बिचारे." त्या घरी आम्हाला इतकं जेवू घातलं की परतताना जीपचे पाटे वाकले. मोठेबाबा ज्याला नापास करून आले होते त्या मुलाच्या पोरांना त्यांनी मांडीवर घेतलं. तो मुलगा, आता चांगला बाप्या झालेला, हसून म्हणाला, "भाऊ, आमचं काय चुकलं होतं तवा?" मोठेबाबा म्हणाले, "तुमचं नाई गा. मी लवकर उठलो."

पुढे त्यांचे पाय थकले. एका हिवाळ्यात ते मंदाकडे म्हणून गेले ते आलेच नाहीत. आठवडा झाला, महिना झाला, संक्रांत झाली. मुलीच्या घरी इतकं राहणं आमच्यात शोभत नाही. गावात कुजबुज सुरू झाली. मोठी आई मला म्हणाली, "जाय बापा, घेऊन ये त्या मानसाले. का तिथलंच रेशनकार्ड काढलं त्यायनं?"

मी जीप घेऊन गेलो. मोठेबाबा छपरीत बाजेवर होते. फार क्षीण झाले होते, बोलताना मध्ये थांबत होते. पण डोळे तसेच, बारीक करून पाहणारे. समोर अंगणात मंदाची सासू सुपात धान पाखडत होती आणि मंदा तिला काहीतरी सांगून हसवत होती. त्या बाईला हसताना मी प्रथमच पाहिलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. पलीकडे जावई जाळ्याची गाठ सोडवत होता, आणि नातू ती परत घालत होता. मोठेबाबा हे सगळं असं पाहत होते, जसं पूर्वी अख्खं गाव पाहायचे.

मी गंमत म्हणून मोठ्यानं हॉर्न दिला. "चला मोठेबाबा! गाडी लागली. लय दिवस झाले."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, भलत्याच घाईत असलेल्या माणसाकडे पाहावं तसं. ती आमची शेवटची भेट; मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यांना बहुधा होतं. म्हणाले, "तू जाय, डायवर. मी आत्ताच त आलो."